ओव्हनचं दार उघडायचं नाही

विंग्ज तळायचे असतात, भाजायचे नसतात, हे कुबियाकांच्या घरात पोराला पहिला दात यायच्या आत कळतं. त्यामुळे त्या रविवारी टेसाने ओव्हन तापत टाकला आणि कोंबडीचे पंख कागदाने टिपून टिपून कोरडे करायला घेतले, तेव्हा तिचा नवरा डेरेक स्वयंपाकघराच्या दारातून आजाऱ्याच्या खोलीत डोकवावं तसा डोकावला.

"खरंच भाजणार आहेस?"

"खरंच."

"मला वाटलं होतं, आयत्या वेळी शहाणी होशील."

"तुझ्या वडिलांशी पैज लागली आहे माझी. आता शहाणं होऊन कसं चालेल?"

डेरेकने मान हलवली आणि तो गेला. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

टेसा व्हरमाँटची. तिच्या माहेरी विंग्ज म्हणजे बाहेर गेलं तर कधीतरी मागवायची गोष्ट. लग्न होऊन बफेलोजवळ चीक्टोवागात, सासऱ्यांच्या शेजारच्याच घरात राहायला आली आणि तिला कळलं, की इथे विंग्जबद्दल मत असणं हे नागरिकत्वाचं लक्षण आहे. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे कॅझ कुबियाकच्या वडिलांचा कोपऱ्यावर बार होता. कॅझचं लहानपण त्या बारच्या कढईपाशी गेलं. बार विकला गेला, पण तिथला तळायचा मोठा फ्रायर कॅझने घरी आणला आणि गराजमध्ये बसवला. गाडी बाहेर बर्फात उभी राहायची, फ्रायर आत. घराण्यातली सगळी बारशी, लग्नं आणि मर्तिकं त्या फ्रायरच्या साक्षीने झाली होती. आणि अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात प्रत्येक रविवारी तो पेटायचाच.

उन्हाळा संपता संपता कॅझची बायपास झाली.

जोसी, टेसाची मुलगी, तेव्हा नुकती मान धरायला लागली होती. टेसा तिला घेऊन इस्पितळात गेली. कॅझ पांढऱ्या चादरीवर पांढरे हात ठेवून पडला होता. एरवी दारातून आरडत ओरडत येणारा माणूस, पण त्याने नातीकडे नुसतं पाहिलं. टेसाने तिला पुढे केलं, तर म्हणाला, "नको. माझ्या हातून पडेल ती." पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आता उचला खुशाल. तरी कॅझचं तेच. छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." जोसी जमिनीवर बसून त्याच्याकडे हात पसरायची आणि जाजा, म्हणजे पोलिशमध्ये आजोबा, टीव्हीकडे बघायचे.

तळलेलं एकदम बंद, असं डॉक्टर ब्रॅनिगन बाईंनी बजावलं होतं. कॅझने ते ऐकलं. पण त्याला ऐकू आलं ते असं, की सोमवार ते शनिवार बंद.

शेवटी सासूबाईंनी, डोलोरेसने, एक दिवस टेसाला भांडी पुसता पुसता गाठलं. "माझं तो ऐकत नाही. डेरेक तर त्याच्यासमोर बारा वर्षांचा होतो. तू बाहेरची आहेस, तुला बोलायला काय?"

बाहेरची असण्याचा असा उपयोग होईल असं टेसाला वाटलं नव्हतं. ती बोलली. थोडी भीत भीत, पण बोलली. डॅड, विंग्ज सोडा असं मी म्हणत नाही, फक्त एकदा माझे ओव्हनमधले खाऊन बघा. कॅझ हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"एक रविवार," तो म्हणाला. "आवडले तर फ्रायर वॉलीला देऊन टाकतो. नाही आवडले तर पुढच्या रविवारपासून मी गराजमध्ये आणि या घरात कोणी माझ्या हृदयाचं नाव काढायचं नाही. डोलोरेस, तूसुद्धा नाही."

वॉली त्याचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "फ्रायर ठेवायला माझ्याकडे जागा नाही." मग पैजेची अट आठवून त्याने पुस्ती जोडली, "पण लागणारही नाही म्हणा."

तर असा तो रविवार. टेसाने आठवडाभर जोसी झोपली की कृती वाचल्या होत्या. पंखांना मीठ आणि जरासा बेकिंग पावडरचा हात, की कातडी कुरकुरीत होते. ट्रेवर जाळी, जाळीवर पंख, एकमेकांना न चिकटवता. बाजूला सॉस: मध, तपकिरी साखर, लसूण, लोणी, आणि तिखट सॉस इतका की शिंक यावी. तो आटवून आटवून बोटाला तार येईपर्यंत घट्ट करायचा. भाजलेले पंख त्यात घोळवायचे आणि शेवटी पुन्हा ओव्हनमध्ये, फक्त पाच मिनिटं. सगळं यश त्या पाच मिनिटांत. त्याआधी काढले तर ओले, त्यानंतर काढले तर मध करपतो. हे वाक्य तिला आता पाठ झालं होतं. जोसीला थोपटताना तिने ते अंगाईसारखं म्हटलंही होतं.

सगळे टेसाकडे जमले आणि सामना सुरू झाला. कुबियाकांच्या घरी रविवारी सगळे देव पाण्यात घालून बसतात. जर्सी मात्र पाण्यात घालत नाहीत. मोसम सुरू झाला की ती धुवायची नाही. कॅझची खुर्ची ठरलेली, वॉलीचा कोच ठरलेला, डोलोरेसने टीव्हीकडे पाठ करून विणत बसायचं, कारण ती बघते तेव्हा चेंडू सुटतो. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी टेसा चुकून वॉलीच्या जागी बसली होती. त्या दिवशी झालेल्या पराभवाची तारीख तिला अजून प्रत्येक थँक्सगिव्हिंगला सांगितली जाते.

पहिल्या अर्ध्या सामन्यात टीमची पार धूळधाण झाली.

"घरात तेलाचा वासच नाही," कॅझ खुर्चीतून म्हणाला. "पोरांना कळणार कसं आज रविवार आहे ते?"

"ती पोरं मैदानावर आहेत, डॅड," टेसा स्वयंपाकघरातून म्हणाली. दोन्ही खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, त्यामुळे तिला सगळं दिसत होतं आणि सगळ्यांना ती.

"मैदान इथून किती लांब आहे? वारा कुठून वाहतोय?" वॉली म्हणाला. "वास जातो."

टेसा ओव्हनकडे वळली. तिचे पंख सोनेरी झाले होते, टिचकी मारली तर वाजत होते. तिने ते सॉसमध्ये घोळवले. अगदी चित्रात असतात तसे दिसायला लागले ते, लालसर, तुकतुकीत, तीळ पडल्यावर तर दृष्ट लागावी असे. आता ट्रे उचलून ओव्हनमध्ये सरकवायचा, त्याला दोन्ही हात हवेत, आणि कमरेवर जोसी. डेरेक बियर काढायला फ्रिजमध्ये वाकला होता. डोलोरेसच्या हातात विणकाम. टेसाने फार विचार केला नाही. चार पावलं टाकून तिने जोसीला कॅझच्या मांडीवर ठेवलं आणि तो काही म्हणायच्या आत परत फिरली, ट्रे उचलला, आत सरकवला, दार बंद केलं.

आणि टीव्हीवर आपल्या एका पोराने समोरच्यांचा चेंडू हवेतल्या हवेत झेलला आणि सुसाट पळत थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला. टचडाऊन.

घरात एक आरोळी उठली. टेसाने वळून पाहिलं. कोणीही हलत नव्हतं.

"कोणी काय केलं आत्ता?" कॅझ दबक्या आवाजात म्हणाला.

"मी टॉयलेटला निघालो होतो," वॉली पॅसेजच्या तोंडाशी, एक हात भिंतीवर ठेवून म्हणाला.

"तिथेच थांब. डेरेक?"

"फ्रिज उघडा आहे माझा."

"उघडाच ठेव. टेसा, तू काय केलंस?"

"ओव्हनचं दार लावलं."

कॅझने सावकाश मान हलवली, एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखी. "ते दार आता उघडायचं नाही."

"डॅड, पाच मिनिटांचं काम आहे. मध आहे त्यात."

"सामना संपेपर्यंत नाही."

"सामना संपायला तास दीड तास आहे!"

"मग तास दीड तास."

टेसाने डेरेककडे पाहिलं. डेरेक फ्रिजच्या उजेडात, कमरेत वाकलेला, डोळ्यांनीच क्षमा मागत होता. डोलोरेस टीव्हीकडे पाठ करून म्हणाली, "कॅझ, अरे वेड्यासारखं करू नकोस, पोरीने आठवडाभर..." पण बोलता बोलता तिच्या सुया थांबल्या आणि समोरच्या टीमने गुण घेतले.

"विणत राहा," तिघे पुरुष एकदम म्हणाले. ती विणायला लागली.

खरं तर टेसाचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. व्हरमाँटमध्ये तिने भौतिकशास्त्र शिकवलं होतं, लग्नाच्या आधी. ती सरळ ओव्हनपाशी गेली, हातमोजा चढवला आणि दार बोटभर उघडलं. खमंग वास आला, आता काढा असं सांगणारा. त्याच क्षणी टीव्हीवर आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, दोन रेड्यांसारख्या माणसांनी चिखलात आडवं केलं. तो उठेना.

चारही माणसं तिच्याकडे बघत होती. जोसीसुद्धा. टेसाने दार लावलं. क्वार्टरबॅक उठला, त्याने हेल्मेट नीट केलं आणि पुढचाच चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे फेकला.

"आता बोल," वॉली पॅसेजमधून म्हणाला. "शिक्षिका आहेस ना तू? पुरावा मागत होतीस."

"जळतील ते, अंकल वॉली."

"जळू देत."

"आणि पैज? ते जळले तर?"

कॅझ टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "ते मग बघू." पण वॉली न्यायाने वागणारा माणूस. तो म्हणाला, "जळलेले विंग्ज म्हणजे न आवडलेले विंग्ज. पैज म्हणजे पैज."

टेसाने हातमोजा काढून ओट्यावर आपटला. विंग्जसाठी नाही. विंग्ज काय, परत करता येतात. तिला ती पांढरी चादर आठवली. पुढच्या रविवारी गराजचं शटर वर जाईल, फ्रायर पेटेल आणि कोणी हृदयाचं नाव काढायचं नाही. जोसी शाळेत जाईल तेव्हा तिला आजोबांबद्दल काय आठवेल? गराज? की तेही नाही? ती ओव्हनसमोर उभी राहिली, आणि काचेतून दिसत होतं, मधाला बुडबुडे येत होते आणि कडा काळवंडत होत्या.

"उभी नको राहूस," कॅझ म्हणाला. "टचडाऊन झाला तेव्हा तू चालत होतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे चालत राहा. ओव्हन ते टेबल, टेबल ते ओव्हन."

आणि काय सांगायचं, भौतिकशास्त्राची शिक्षिका चालायला लागली. ओव्हन ते टेबल, टेबल ते ओव्हन. आपल्या टीमने आणखी एक टचडाऊन केला.

धूर आधी ओव्हनच्या फटीतून बारीक उदबत्तीसारखा आला. मग उदबत्तीचा बंब झाला. टेसा चालता चालता ओव्हनपाशी पोचली आणि वळताना तिचा हात बटणावर पडला. म्हणजे तिने पाडला. बटण गप्पकन बंदवर गेलं. ती टेबलाकडे चालत निघाली. टीव्हीवर काही वाईट घडलं नाही. उलट पुढच्याच वेळी आपल्या पोरांनी चेंडू दहा यार्ड पुढे सरकवला. तिने कोणालाही काही सांगितलं नाही. पण मध एकदा तापला की बटणाचं ऐकत नाही. तो आत आपल्या धर्माप्रमाणे जळतच राहिला.

मग छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला.

"टॉवेलने हवा घाल कोणीतरी त्याला!" डोलोरेस विणता विणता म्हणाली.

"हलायचं नाही," कॅझ म्हणाला.

अलार्मने जोसी दचकली. टेसा टेबलापाशी थबकली. आता ही भोकाड पसरणार, आणि मग बघते मी कोण मला अडवतं ते, असं तिने मनाशी ठरवलंही. जोसीचा खालचा ओठ बाहेर आला. कॅझने घाबरून तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ मांडीवर कोणी उघडी तारच ठेवली असावी तसा तो बसला होता, दोन्ही हात हवेत. पण रडणारं मूल आईकडे द्यावं लागतं, आणि आईकडे दिलं की जिंकून देणारी रचना मोडते. त्याने हात खाली आणले. तिला उचलून छातीशी धरलं, बरोबर त्या टाक्यांच्या वर, आणि तिच्या कानाशी तो हळूच गुणगुणायला लागला. कसलं तरी जुनं पोलिश गाणं असावं असं टेसाला वाटलं. जवळून गेली तेव्हा कळलं, तो तिला स्कोअर सांगत होता. "आपले चोवीस, माझी बाय, त्यांचे एकोणतीस... आपले चोवीस, माझी बाय..."

जोसीने त्याचं नाक धरलं. तिने रडायचा बेत रद्द केला.

टेसा चालत राहिली. डोळ्यांना पाणी आलं होतं. धूर फार झाला होता, असं तिने नंतर सांगितलं.

समोरच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या बाईंनी खिडकीतून धूर पाहिला आणि फोन केला. आमच्या गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. कोणी नळ दुरुस्त करतो, कोणी बस चालवतो, आणि रविवारी सगळे स्टेशनात एकत्र सामना बघतात. बंब आला तेव्हा त्यातल्या रेडिओवरही सामनाच चालू होता. बूट, शिरस्त्राण, कुऱ्हाड अशा जामानिम्यात दलाचा प्रमुख रॉनी शेमांस्की पायऱ्या चढला. दार उघडून त्याने एक पाय आत टाकला, "कुठे आहे आग," एवढं म्हणाला, आणि आपल्या टीमने टचडाऊन करून आघाडी घेतली.

रॉनीचा दुसरा पाय बाहेरच राहिला. त्याला कोणी सांगावं लागलं नाही. तोही चीक्टोवागाचाच.

"कॅझ," तो उंबरठ्यावर दोन्हीकडे पाय ठेवून म्हणाला, "कधीपासून असं आहे हे?"

"तिसऱ्या क्वार्टरपासून. ओव्हनचं दार बंद, फ्रिज उघडा, वॉली टॉयलेटच्या वाटेवर."

"बापरे," रॉनी वॉलीकडे सहानुभूतीने बघत म्हणाला.

"बोलू नकोस माझ्याशी," वॉली दात आवळून म्हणाला. त्याने एक पाय दुसऱ्या पायाभोवती गुंडाळला होता.

टेसाला वाटलं, सुटले. हा तरी जबाबदार माणूस आहे. ती चालता चालता त्याच्यासमोर आली. "रॉनी, ओव्हनमध्ये विंग्ज जळताहेत. तुम्ही सांगा यांना दार उघडायला."

रॉनी गंभीर झाला. "अजिबात नाही. ओव्हनमध्ये जळत असेल तर दार उघडायचंच नसतं. आत हवा गेली की भडका उडतो. ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण आहे."

"ऐकलंस?" कॅझ म्हणाला. "हुद्द्याचा माणूस सांगतोय."

"फक्त ओव्हन बंद करायला हवा," रॉनी म्हणाला.

"ते जमणार नाही," कॅझ म्हणाला. "चालू होता तेव्हा टचडाऊन झालेत."

रॉनीने मान लांब करून ओव्हनकडे पाहिलं. बटण त्याला स्वच्छ दिसत होतं. मग त्याने टेसाकडे पाहिलं. टेसाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तिच्या वर्गातली मुलं कॉपी पकडली गेल्यावर तिच्याकडे बघायची.

"सगळं ठीक आहे," रॉनी घसा साफ करून म्हणाला. "आहे तसंच राहू द्या."

त्यानंतरचा वेळ टेसाला आयुष्यभर आठवेल. उघड्या दारातून बर्फ आत येत होता आणि धूर बाहेर जात होता. त्यामुळे अलार्म थांबला, ते एक बरं झालं. खिडकीबाहेर तीन अग्निशामक काचेला नाक लावून टीव्ही बघत होते. फ्रिज उघडा, त्यामुळे घरात कुठे जास्त थंडी आहे हे सांगता येत नव्हतं. सगळ्यांना सडकून भूक लागली होती, आणि हाताला लागेल असं टेबलावर एकच होतं, विंग्जच्या बाजूला ठेवायला कापलेली सेलरी आणि गाजरं. टेसा चालता चालता मूठभर उचलायची आणि प्रत्येकाला भरवत जायची, पिल्लांना चिमणी भरवते तशी. सेलरी बुडवायच्या ब्लू चीजची वाटी फ्रिजमध्ये डेरेकच्या आड राहिली होती. ती काढायची तर त्याला हलावं लागलं असतं. ज्या माणसाने जन्मात सेलरी बशीच्या कडेला सारली होती, तो कॅझ कुबियाक ससा खातो तशी सेलरी खात होता आणि त्याच्या खांद्यावर त्याची नात लाळ गाळत झोपली होती.

जिंकलो. शेवटच्या क्षणी त्यांनी दोन खांबांमधून मारलेला चेंडू खांबाबाहेरून गेला आणि जिंकलो.

वॉली कोणालाही मिठी न मारता धावत गेला. डेरेकला सरळ उभं राहायला दोन माणसं लागली. रॉनीने दुसरा पाय आत घेतला, आणि त्याच्याच देखरेखीखाली टेसाने ओव्हनचं दार उघडलं.

आत पंख नव्हते. काळ्या काचेचा एक सलग तुकडा होता, त्यात जाळी, ट्रे आणि कोंबडी सगळी एकजीव. कॅझने चिमट्याने एक विंग धरून उचलायला पाहिला, तर सगळा ट्रे उचलला गेला.

"काय म्हणायचं आता," तो म्हणाला.

"मी हरले म्हणायचं," टेसा म्हणाली. झोपलेल्या जोसीला तिने त्याच्या खांद्यावरून काढून घेतलं आणि ती वर निघून गेली. त्या रात्री ती डेरेकशी नीट बोलली नाही. आठवडाभर सासऱ्यांचा फोन आला तर तिने तो डेरेककडे दिला.

पुढच्या रविवारी सकाळी सकाळी तिला गराजचं शटर वर जाण्याचा आवाज आला. सासरे शेजारच्याच घरात राहायचे, त्यामुळे तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिला वाटलं, न बघितलेलं बरं. मग तिला राहवेना. जोसीला शालीत गुंडाळून ती बर्फातून तिकडे गेली. कॅझ आणि वॉली धापा टाकत फ्रायर वॉलीच्या पिकअपमध्ये चढवत होते. म्हणजे वॉली आणि डेरेक चढवत होते, कॅझ शिव्या देत होता.

"डॅड, हे काय? मी हरले ना?"

"तू हरलीस," कॅझ म्हणाला, "पण टीम जिंकली. मागच्या रविवारी हा पेटला नव्हता. आता याला या आवारात ठेवणं म्हणजे संकटाला बोलावणं आहे."

"मी म्हणालो होतो, माझ्याकडे जागा नाही," वॉली म्हणाला. "माझ्या घरी तरी कशाला पेटवू? मोसमभर ताडपत्रीखाली राहणार आता."

कॅझने गाडीतून एक पिशवी काढून टेसाच्या हातात दिली. पंख होते, आणि मध. "त्याच छापाचा आणलाय. तिखट सॉसही तोच. सगळं तस्संच करायचं, पोरी. घोळवायचं, पाच मिनिटांसाठी म्हणून आत टाकायचं, आणि काढायचं नाही."

"जाळायचे?"

"जाळायचे," कॅझ म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. टेसाला आधी वाटलं, पिशवी परत मागतोय. तो जोसीसाठी हात पसरत होता. "हिला आत्तापासूनच माझ्याकडे दे. सराव हवा."

त्या मोसमात टेसाने प्रत्येक रविवारी आठवडाभराच्या मेहनतीच्या कृतीने उत्तम विंग्ज केले आणि प्रत्येक रविवारी ते जाळले. समोरच्या बाई वेळेवर फोन करायच्या. न विसरण्यासाठी त्यांनी घड्याळाला गजर लावला होता. रॉनी वेळेवर येऊन उंबरठ्यावर उभा राहायचा. सेलरीचा खप वाढला. डॉक्टर ब्रॅनिगन बाईंनी तपासणीचे आकडे दोनदा वाचले आणि चष्मा काढून विचारलं, "मिस्टर कुबियाक, तुम्ही नक्की काय बदललंत?"

"सून विंग्ज भाजते," कॅझ अभिमानाने म्हणाला.

"सुंदर. मला कृती हवी आहे," बाई टेसाकडे वळून म्हणाल्या. टेसा खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिली.

एका बुधवारी दुपारी मात्र तिला राहवलं नाही. जोसी झोपली होती, घर शांत होतं, आणि हे विंग्ज खरे कसे लागतात हे जगात कोणालाच माहीत नाही, असा विचार तिच्या मनात आला. तिने थोडेसेच केले. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. काढले तेव्हा ते असे चमकत होते, की तिला एकटीलाच हसू आलं. पहिला दातांनी तोडला. गोड आधी, मग तिखट, मग दोन्ही मिळून नाकात. बोटं एकमेकांना चिकटली. नेमकी जोसी उठली, आणि नेमका मागच्या दाराने कॅझ आला. आता तो रोजच यायचा, सराव म्हणून.

तो जोसीला घेऊन टेबलाशी बसला. त्याने ताटलीकडे पाहिलं. टेसाकडे पाहिलं. एक विंग उचलला. हाड स्वच्छ होईपर्यंत खाल्ला. मग दुसरा उचलला.

"चांगले झालेत," तो म्हणाला.

टेसाने श्वास सोडला. महिनोन् महिने धरून ठेवला होता तिने तो. जोसीने त्याच्या चिकट बोटाकडे झेप घेतली.

"मध आहे त्याला, डॅड. वर्षाची होईपर्यंत द्यायचा नाही."

"माहीत आहे, माहीत आहे." त्याने दोन्ही चिकट हात डोक्याच्या वर धरले आणि नातीला नुसत्या कोपरांनी छातीशी आवळलं. "रविवारी मात्र असे करू नकोस. नेहमीसारखे जाळ."

"बरं."

"आणि ओव्हनचं ते बटण. पहिल्या दिवशी धूर आल्यावर जेव्हा बंद केलंस, बरोबर तेव्हाच बंद करत जा. मागच्या रविवारी तू घाई केलीस. म्हणून तर इतके घासून जिंकलो."

टेसाच्या हातातला विंग तोंडापाशी थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रॉनीच्या पोटात काही राहतं का, वेळेचा हिशोब मग मी लावला," कॅझ म्हणाला, आणि हात वरच ठेवून त्याने ताटलीकडे हनुवटीने इशारा केला. "तो कडेचा भरव बघू मला. माझे हात अडकलेत."